युसुफचा मिहराब

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या जिप्समच्या कारखान्यात युसुफची हयात गेली. मॉलची छतं, बंगल्यांची न्हाणीघरं, हॉटेलांच्या भिंती. साचा भरायचा, सुकवायचा, पाठवायचा. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. ईद झाली की रत्नागिरीला कायमचं परतायचं ठरलं होतं, तेवढ्यात हे शेवटचं काम आलं.

अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरातली जुनी इमारत, तिची डागडुजी. नकाशात घोड्याच्या नालेसारखी कमान, अष्टकोनी तारे आणि मधोमध उंच कोनाडा. युसुफने पाहताक्षणी ओळखलं, हा मिहराब, मशिदीत नमाजाची दिशा दाखवणारा. त्यात विचारायचं काय? दारात तुळस दिसली की घर कुणाचं, हे कुणी विचारत बसतं का?

त्या दिवसापासून तो वजू करूनच, नमाजाआधीसारखे हातपाय धुऊनच साच्याला हात लावी, कारागिरांना चपला बाहेर काढायला लावी. ते हसत, हसेनात का. छोटे तारे तो शारजातल्याच रोल्ला भागातल्या आपल्या घरी नेई. त्याची आई मरियमबी तोंडाने पैगंबरांवरचा दुरूद म्हणत ते घासून गुळगुळीत करी.

पेट्या भरायच्या दिवशी दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसातून इंजिनियर इशिता माल तपासायला आली.

"मॅडम, तिकडे किब्ल्याची, मक्केची दिशा चेक केली ना?" युसुफने विचारलं.

"किब्ला कशाला? युसुफभाई, हे थिएटर आहे. बांधलं तेव्हा तिकडे मूरिश स्टाइलची फॅशन होती, स्पेनमधल्या जुन्या मुस्लिम इमारतींवरून उचललेली. या निशमध्ये, कोनाड्यात, पॉपकॉर्न काउंटर येणार. फिनिशिंग सुपर्ब झालंय हां. खलास, पॅक करा."

युसुफने पॅक केलं. राग काढणार कुणावर? नकाशा खोटं बोलला नव्हता. हाच शहाणा न विचारता मशीद बांधून बसला होता. आता अम्माला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्याला जिना चढवेना.

शेवटी उंबऱ्यातच त्याने सगळं सांगून टाकलं. मरियमबीने ऐकून घेतलं आणि विचारलं,

"थिएटरात कोण येतं रे?"

"दमलेली माणसं. दोन घटका बसतात, हसतात, जातात."

"मग बसू देत की. तू काही गुनाह नाही केलास. मला कशाचं वाईट वाटायचंय?" मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तू का रडतोस?"

"जन्मभर लोकांची छतं सजवली, अम्मा. अल्लासमोर ठेवायला एक तरी काम हवं होतं. मशीद मलाच हवी होती."

 मरियमबीने त्याला आत घेतलं आणि जेवायला वाढलं.