दहा दिवसांची दाढी

"मुरली भाई भी!" हम्माद ओरडला आणि त्याने जाड हातमोज्यातलं बोट माझ्या हनुवटीवर रोखलं.

आइस हॉकीचा सामना नुकताच संपला होता. बर्फ सारखा करायचं मशीन घेऊन मी दाराशी थांबलो होतो आणि जिंकलेले खेळाडू एकेक करून बाहेर येत होते. हम्मादचा आवाज ऐकून सगळे माझ्याभोवती जमले आणि हातातल्या काठ्या जमिनीवर आपटू लागले. पंधरा धिप्पाड माणसं, घामाने निथळलेली, आणि झाडून सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या. आठवड्यापूर्वी यांतले निम्मे गुळगुळीत होते, हे मी स्वतः पाहिलं होतं. माझ्या मनात एकच विचार आला. मी हम्मादला बाजूला घेतलं.

"किसके घर में हुआ?" मी हळूच विचारलं.

"क्या हुआ?"

"कोई गुजर गया ना? सब लोग का दाढी..."

हम्माद संघाचा कप्तान. इथलाच, अमिराती, बापाच्या गोदामात हमालांबरोबर वाढल्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलतो. तो कठड्याला टेकून एवढा हसला की त्याला हेल्मेट काढावं लागलं.

"अरे, प्लेऑफ है, मुरली भाई! जब तक कप नहीं मिलता, या हम लोग खलास नहीं होते, तब तक ब्लेड नहीं लगाने का. सब टीम करता है. तुमने भी रखा हमारे लिए. शाबाश!"

नवस होय, मी मनात म्हटलं. मग मला खरं काय ते सांगायचं होतं. माझी आई गुरुवारी पहाटे गेली होती आणि मी सुतकात होतो, म्हणून माझी दाढी वाढली होती. पण पंधरा माणसं आनंदाने काठ्या बडवत असताना 'आई गेली' हे वाक्य नेमकं कुठे ठेवायचं, ते मला समजेना. मी मान हलवली आणि मशीनवर चढून बसलो.

मी मूळचा हर्णैचा. दुबईत आलो तो जबल अलीच्या एका शीतगृहात, आणि तिथे एकोणीस वर्षं काढली. गेल्या ऑक्टोबरात या रिंकवर लागलो. बाहेर लोक उन्हाने करपतात आणि मी आत स्वेटर घालून बर्फावर गरम पाणी सोडत फिरतो; गरम पाण्याने बर्फ गुळगुळीत होतो, थंडाने नाही. एवढं मला कळतं. खेळ मात्र कळत नाही. शिट्टी का वाजते, मारामारी केल्यावर पाचच मिनिटं बाहेर का बसवतात, हे सगळं माझ्या डोक्यावरून जातं. त्यात ही दुसऱ्या फळीची लीग. दिवसभर ऑफिसात काम करणारे लोक हौसेने खेळतात. हम्मादच्या संघाचं नाव क्रीक हेरन्स, म्हणजे खाडीतले बगळे. बघायला यांच्या बायका, पोरं आणि पिझ्झा घेऊन येणारा माणूस.

आई गेल्याचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. अल कुसैसच्या खोलीत आम्ही चौघं राहतो, पण शिफ्ट वेगवेगळ्या. एकमेकांना आम्ही झोपलेलंच जास्त पाहिलंय. रिंकचा मॅनेजर यहया तसा भला माणूस आहे. सांगितलं असतं तर त्याने लगेच तिकीट काढायला लावलं असतं. तीच तर अडचण होती. मग 'जात का नाहीस' याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. तेव्हा ती दाढी हेच काय ते माझं सुतक, आणि तेही आता बगळ्यांनी वाटून घेतलं होतं.

मंगळवारी बगळे हरले. कोणाला सांगू नये, पण मला बरं वाटलं. म्हटलं, चला, नवस संपला, हे आपापल्या दाढ्या करतील आणि माझी दाढी मला परत मिळेल. बुधवारी सरावाला पाहतो तर सगळे तसेच, दाढीसकट.

"हम्माद, तुम लोग हार गया ना?"

"हाँ."

"तो फिर?"

"तीन में से दो जीतने का है. एक जीता, एक हारा. कल तीसरा."

आमच्याकडे हरलं म्हणजे हरलं. इथे हरलेलाही उद्या येतो. कल्पना वाईट नाही, असं मला वाटलं. आणखी कशाकशाला ती लागू करता येईल याचा विचार करत मी त्या दिवशी दोनदा मशीनचं पाणी सांडलं.

गुरुवारी ते जिंकले. सात वर्षांत पहिल्यांदा फायनलला गेले. मला खांद्यावर उचलायचा प्रयत्न झाला. माझं वजन ब्याऐंशी किलो, म्हणून तो सोडून दिला. मग त्यांनी मला मधोमध उभं करून फोटो काढला. कोणीतरी माझी हनुवटी धरून कॅमेऱ्याकडे वळवली. आणि मी हसलो. का हसलो ते मला सांगता येणार नाही. फोटो काढताना समोरचा 'स्माइल' म्हणतो आणि माणूस हसतो, एवढंच. तो फोटो त्यांनी रात्रीच इंटरनेटवर टाकला.

"शनिवार तक, मुरली भाई," हम्मादने माझे दोन्ही हात धरले. "तुम्हारा दाढी लकी है. फाइनल तक हाथ नहीं लगाने का. प्रॉमिस?"

शनिवार म्हणजे आईचा दहावा.

"इन्शाल्ला," मी म्हणालो. वीस वर्षांत 'नाही' म्हणायचा हा एकच सभ्य मार्ग मी शिकलोय. हम्मादने त्याचा अर्थ 'हो' घेतला.

शुक्रवारी सकाळी बोटिम ॲपवर सूर्यकांतदादाचा फोन आला. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. अग्नी त्यानेच दिला होता.

"मुरल्या, उर्वीने काय दाखवलंन ते बघितलंस?" उर्वी ही त्याची मुलगी, कॉलेजात आहे, दिवसभर मोबाइलवर. "तू फोटोत हसतोयस. गोऱ्या लोकांच्या गळ्यात हात घालून."

"माझे हात खालीच होते, दादा."

"आई जाऊन आठच दिवस झालेत!"

"ते त्यांचं... दाढीचं एक असतं. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी वाढवली."

"आणि तू काय म्हणालास?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लोक विचारतात मला, धाकटा का आला नाही? मी काय सांगू? मी ठेवणार होतो तिला बर्फावर. दीड दिवस काय, दोन दिवस ठेवली असती. तू नको म्हणालास."

मी नको म्हणालो होतो, हे खरं आहे. दुबईला यायच्या आधी सहा वर्षं मी हर्णै बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होतो. गावात कोणी गेलं आणि मुलगा लांब असला की माणसं आमच्याकडे यायची. मासळीसाठी काढलेल्या लाद्या आम्ही हातगाडीवर घालून त्या घरी पोचवायचो. किती घरी मी स्वतः लाद्या रचल्यात. चार तासांत लादी वितळायला लागते. पाणी उंबऱ्यापर्यंत येतं, आणि घरातल्या बायका रडायचं सोडून पाणी पुसत बसतात. मुलगा दुसऱ्या दिवशी पोचतो, आईच्या गालाला हात लावतो, आणि एकदम मागे घेतो. ते मागे घेणं मी पाहिलंय. आयुष्यभर बर्फाला हात लावत आलो. आईला हात लावल्यावर तसंच लागावं, हे मला नको होतं. म्हणून दादाने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून 'नको, उरकून घ्या' निघालं. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, आपण आईला शेवटचं बघायचं नाही असं ठरवलंय. मी बरोबर केलं की चूक, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

"दादा, माझ्याच्याने झालं नसतं," मी म्हणालो.

मग दादा एकदम खालच्या आवाजात बोलला.

"बरं. ते जाऊ दे. उद्या सकाळी खाडीवर आम्ही विधी करू. तू तिकडे डोकं, दाढी, मिशी सगळं उतरव आणि आंघोळ कर. एवढं तरी कर, बाबा. ती तुझी पण होती."

शनिवारी सकाळी मी खोलीखालच्या सलूनमध्ये गेलो. खुर्चीत बसलो तरी मन एका जागी नव्हतं. दहाव्याचं काम संध्याकाळी उरकलं तर चालेल का? सामना चारचा. सहापर्यंत संपला असता. दहा दिवसांत माझी आठवण काढणारे हेच पंधरा जण होते, मग ती चुकीच्या कारणाने का असेना. आणि आईला मुळात कोणाचं मन मोडायला आवडायचं नाही. ती असती तर तीच म्हणाली असती, राहू दे रे, त्या पोरांचं होऊ दे. मग वाटलं, आईच्या तोंडी सोयीची वाक्यं घालायला आपण बरे तयार झालो. ती जिवंत असताना दर आठवड्याला म्हणायची, एकदा येऊन जा. ते वाक्य कसं ऐकू आलं नाही?

"छोटा करूँ या मशीन?" न्हाव्याने विचारलं.

"सब निकालो. मूँछ भी."

विसाव्या वर्षापासून ठेवलेली मिशी गेली आणि आरशात वरचा ओठ दिसला. तो आईचा होता. तसाच पातळ, डावीकडे किंचित वळलेला. मी बघत बसलो. न्हाव्याला वाटलं, काही चुकलं. त्याने दोनदा विचारलं.

साडेतीनला बर्फ करून मी मशीन बाहेर आणलं, टोपी काढली, आणि बाकावर बसलेल्या बगळ्यांना माझं डोकं दिसलं. बोलणं थांबलं. कोणीतरी इंग्रजीत शिवी घातली. हम्माद उठून आला. तो खरोखर चिडला होता.

"मुरली भाई! आज? आज ही के दिन? इन्शाल्ला बोला था ना तुमने!"

"हम्माद, मेरी माँ गई," मी म्हणालो. इतके दिवस जे वाक्य ठेवायला जागा सापडत नव्हती, ते असं चटकन निघालं. "हमारे में दस दिन दाढी नहीं करते. आज दसवाँ दिन है. आज निकालना पड़ता है."

तो मनातल्या मनात दिवस मोजू लागला.

"दस दिन," तो म्हणाला. "तो उस संडे को... हम लोग स्टिक मार रहे थे..."

"हाँ."

"और वो फोटो..."

"हाँ."

त्याने तोंडावरून हातमोजा फिरवला. "अल्ला सब्र दे," असं काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात भोंगा झाला आणि त्याला बर्फावर जावं लागलं.

बगळे तीन विरुद्ध दोन असे हरले. तिसरा गोल शेवटची चार मिनिटं उरली असताना बसला. मी दाराशी मशीनवर बसून होतो. एकदाही कोणी माझ्या डोक्याकडे पाहिलं नाही, पण मला सारखं वाटत होतं की सगळे तिकडेच बघताहेत. वस्तऱ्याने सामने हरत नसतात, हे मलाही समजतं. तरी संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर, हा विचार काही जाईना. इकडे आईचं झालं तर तिकडे पोरांचं मोडलं. दोन्हीकडे एकदम बरोबर वागायची सोय देवाने केलेली दिसत नाही.

या खेळात एक रीत आहे. स्पर्धा संपली की दोन्ही संघ समोरासमोर रांगेत येतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवतो. आत्ता मारामारी केलेलेसुद्धा. तशी ती रांग झाली. मग बगळे बाहेर पडायला दाराकडे आले. पुढे हम्माद होता. तो माझ्यापाशी थांबला, हेल्मेट काढलं, हातमोजे काढून काखेत धरले आणि हात पुढे केला. मी घाईने मशीनवरून उतरलो. त्याचा हात ओला आणि चांगलाच गरम होता. त्याच्या मागचाही थांबला, त्यानेही हातमोजा काढला. मग त्याच्या मागचा. दाढ्यांतून घाम गळत होता, एकदोघांचे डोळे लाल होते; ते हरल्यामुळे की माझ्यामुळे, मला कळायला मार्ग नव्हता. बगळे संपले तरी रांग संपेना. जिंकलेल्या अबू धाबीच्या पोरांना वाटलं, इथली ही पद्धतच असणार. तेही हातमोजे काढून एकामागून एक पुढे आले. त्यांना आई माहीत नव्हती, काहीच माहीत नव्हतं. त्यांतला एक 'सर' म्हणाला.

दहा दिवसांत मला भेटायला कोणी आलं नव्हतं. घरी असतो तर ओसरीवर भिंतीला टेकून बसलो असतो आणि गाव असंच एकेक करून येऊन गेलं असतं. मी हात धरत गेलो. विसेक हात झाल्यावर समोरचं दिसेनासं झालं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

शेवटचा माणूस गेला तेव्हा लक्षात आलं, एवढ्या जणांत निघताना 'येतो' असं कोणीच म्हणालं नव्हतं. सुतकाच्या घरातून निघताना तसं म्हणायचं नसतं. यांना ते कोणी सांगितलं होतं, कोण जाणे.