निरोपाचं पाणी

नाशिकचा प्रेक्षक फार चोखंदळ आहे, असं नाशिकचा प्रेक्षक स्वतःच सांगतो. त्यातल्या त्यात चोखंदळ मंडळींनी मिळून एक रसिक मंडळ काढलं आहे. वर्षभर ही मंडळी येईल ते नाटक बघतात, मध्यंतरात वड्याला नावं ठेवतात, आणि डिसेंबर सरत आला की एका रविवारी जमून ठरवतात, की सरत्या वर्षातला कुठला प्रयोग पुन्हा बघावासा वाटतो. जो जिंकेल त्याला मंडळाच्या खर्चानं नाट्यगृह मिळतं आणि सकाळचा एक प्रयोग होतो. दरवर्षी मुंबई-पुण्याची बडी नाटकं बाजी मारतात. यंदा मात्र आक्रीत घडलं. सातपूरच्या कामगारांनी बसवलेलं, स्पर्धेत एकदाच झालेलं आणि तिथं उत्तेजनार्थ बक्षीसही न मिळालेलं 'विस्तवाची राखण' सगळ्यांना मागे टाकून गेलं.

निकालाच्या वेळी लखन मागच्या रांगेत बसला होता. मूळचा पेठ तालुक्यातला, सातपूरच्या एका कारखान्यात कामाला. घर बंद करून मजुरीला निघालेल्या मुलाची मुख्य भूमिका त्याचीच होती. माणूस साधा, पण नट म्हटला की थोडा फुगणारच. आता लोक उठून आपलं नाव घेतील म्हणून त्यानं कॉलर सारखी केली.

लोक उठले, पण बोलले भलतंच.

"मी पुन्हा येईन तो त्या चुलीजवळच्या म्हातारीसाठी," एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले. "एक शब्द बोलत नाही, पण तिच्यावरून नजर हलत नाही."

"तांदूळ निवडत बसते," त्यांच्या मागच्या बाई म्हणाल्या, "आणि सापडलेला एकेक खडा पदराच्या टोकाला बांधते. काय बारकावा आहे. त्या आजी कोण हो?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. लखनच्या शेजारी बसलेल्या दिग्दर्शिका संध्याताई मात्र त्याच्याकडे बघत राहिल्या. कारण नाटकात म्हातारी नव्हती. मुलगा, त्याची बायको, मुकादम आणि शेजारी, एवढीच पात्रं. प्रयोगाच्या वेळी संध्याताई विंगेत संगीताजवळ होत्या, आणि तिथून चुलीचा कोपरा दिसत नाही.

"कुणाला आणून बसवलं होतंस?" त्यांनी हळूच विचारलं.

खडे पदराला बांधणारी बाई लखननं उभ्या आयुष्यात एकच पाहिली होती. अंगणात खडा टाकला तर अनवाणी पोरांच्या पायाला टोचेल, म्हणून त्याची आई कुसाबाई सगळे खडे पदरात बांधून ठेवायची आणि शेताकडे जाताना बांधावर सोडायची. आणि कुसाबाई त्या प्रयोगाच्या आधीच्या पावसाळ्यात वारली होती.

खोलीवर परत येताना त्याला तो प्रयोग आठवत राहिला. शेवटच्या प्रवेशात तो चुलीकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून जेवायला बसतो. त्या दिवशी त्याला दिसलं, की सगळं नाट्यगृह आपल्याकडे बघतच नाहीये. शेकडो डोळे त्याच्या डाव्या खांद्यावरून मागे काहीतरी बघत होते. तो मनातून चिडला होता. प्रयोग संपल्यावर प्रकाशयोजना आणि पडदा सांभाळणाऱ्या ललितवर घसरलाही होता, की मागं भलतीकडं लाइट टाकलास म्हणून. "नाचता येईना अंगण वाकडं," एवढंच ललित म्हणाला होता.

आता वेगळंच काही आठवून तो रस्त्यातच थांबला. त्या प्रवेशात मुलगा घर सोडण्याआधी मेलेल्या आईच्या नावानं चुलीत घास टाकतो. लखनच्या घरची ही खरी रीत. घास विस्तवात टाकायचा, नाव घेऊन "ये, जेव" म्हणायचं, थोडं थांबायचं, मग ओंजळीतलं पाणी चुलीभोवती फिरवून "सुखानं जा" म्हणायचं, आणि त्यानंतरच पानावरचं आपण खायचं. पाणी फिरेपर्यंत बोलावणाऱ्यानं जागचं उठायचं नाही. नाटकात आईचं नाव होतं अंबूबाई. तालमीत चूल विझलेली असायची, तेव्हा अंबूबाई म्हणायला जीभ अडली नाही. प्रयोगाला मात्र संध्याताईंनी खरे निखारे ठेवले. जळत्या विस्तवात खोटं नाव टाकायचं नसतं, हे लखनला बोलता येण्याच्या आधीपासून ठाऊक. ऐन वेळी त्याच्या तोंडून निघालं, "कुसाबाई, ये, जेव." तुपाचा घास निखाऱ्यावर पडला, भपकन ज्वाला उठली आणि ठरल्याप्रमाणे ललितनं पडदा पाडला. टाळ्या कडाडल्या. आणि लखन उठला, प्रेक्षकांना वाकून नमस्कार करायला.

बोलावलं त्यानं, पण निरोप दिलाच नाही. त्यात ती चूल साधी नव्हती. संध्याताईंना सगळं अस्सल हवं असतं, म्हणून त्यानं घरच्या मोडक्या चुलीची माती आणून ती पाटावर थापली होती. त्या मातीत निखारे पडताच आई ओढीनं येऊन बसली असणार, आणि नाव घेऊन त्यानं तिला तिथंच अडकवलं.

त्यानं गावी मावशीला, अक्काबाईला, फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे कोंबड्यांना दाणे टाकता टाकता तिनं ऐकून घेतलं.

"तरीच," अक्काबाई म्हणाली. "पितरांना मी तिच्या नावानं घास टाकला, तर त्यो जळलाच नाय. विस्तव लाल हाय, घास पांढरा. दोनदा टाकला. मला वाटलं माझंच काय चुकलं. अरं, ती इथं असंल तर घेईल ना. ती तुझ्याकडं बसलीय, उपाशी."

"उपाशी का? घास टाकला की मी."

"नाटकातला घास त्यो. पाणी फिरल्याबिगर पोचत नाय. जिथं बोलावलं, ज्यांच्यासमोर बोलावलं, तिथंच निरोप दे तिला."

लखन ललितच्या वर्कशॉपमागच्या खोलीत राहायचा, आणि नाटकाचं सामान त्याच वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली असायचं. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून भर दुपारी तो आला आणि ललितला घेऊन कोपऱ्यात गेला. ताडपत्री काढली. चूल होती तशी होती. पण तिच्या डाव्या बाजूला फरशीवर खड्यांची एक रास होती. बारीक, काळे-पांढरे, तांदळात सापडतात तसले खडे, ओंजळीत मावणार नाहीत इतके. वर धुळीचा कणही नव्हता.

"हे मी दोनदा झाडून काढलेत," ललित म्हणाला. "वाटलं, उंदीर आणत असतील." मग स्वतःलाच ते पटलं नसावं, कारण तो दोन पावलं मागे सरला.

लखन मात्र खाली बसला. त्याच्या डोक्यात वेगळाच उजेड पडत होता. मावशी गावाहून हातसडीचा तांदूळ पाठवायची. त्यात खडे फार, आणि हा आळशी गडी निवडायचा नाही. घासाघासाला कचकन खडा दाताखाली यायचा आणि ललित हसायचा. पण गेलं वर्षभर त्याच्या दाताखाली एकही खडा आला नव्हता. गिरणी बदलली असेल, असं तो धरून चालला होता. म्हणजे तो कामावर गेला की इथं, चार भिंतींआड, कुणीतरी रोज त्याचा तांदूळ निवडत होतं. तो घाबरला होता हे खरं, पण त्याहून जास्त त्याला रडू आलं. आई गेल्यापासून आपण अगदी एकटे पडलो असं त्याला वाटत होतं, आणि तो एकटा नव्हताच.

तालमीच्या दिवशी तो संध्याताईंना म्हणाला, की शेवट बदलायचा. ज्वालेवर पडदा नको, पाणी फिरवू द्या.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "ज्वाला आणि पडदा, तिथंच तर नाटक आहे. आणि लोक त्या म्हातारीसाठी येतायत. ती कोण आहे, तू कुठून आणलीस, मी विचारत नाही. फक्त ती पुन्हा येऊ दे."

"ताई, ती माझी आई हाय."

संध्याताईंनी हातातली संहिता खाली ठेवली. त्यांना भीती वाटली की कीव आली, कळायला मार्ग नव्हता. पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तिला घालवतोस कशाला?"

खड्यांची ती रास पाहिल्यापासून लखनही स्वतःला हेच विचारत होता. त्यानं रात्री दोन घास भात खाल्ला, तो मऊ होता, स्वच्छ होता, आणि त्यानं ताट बाजूला सारलं. निवडणारी उपाशी आणि आपण जेवतोय, हे त्याला सोसवेना. तो उठून ललितकडे गेला आणि म्हणाला, "ताई काही म्हणोत, पडदा माझ्या हाताची खूण बघून पाड."

प्रयोगाच्या सकाळी नाट्यगृह भरलं. संध्याताईंनी संगीत दुसऱ्याकडे सोपवलं आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. नाटक रंगलं. शेवटचा प्रवेश आला. बायको झालेल्या योगिनीनं पान वाढलं आणि ती विंगेत गेली. लखन चुलीकडे पाठ करून बसला, आणि समोर बघताच त्याला कळलं. सगळे डोळे त्याच्या डाव्या खांद्यावरून मागे खिळले होते. संध्याताईंचा हात तोंडावर गेला होता. मागून, अगदी जवळून, सुपात तांदूळ हलवल्यासारखा बारीक आवाज येत होता.

मान वळवली की आई दिसेल, असं त्याला वाटलं. पण वळून बघितलं तर आपल्याच्यानं निरोप देववणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं मान वळवली नाही.

तिरका होऊन, खाली बघतच, त्यानं घास निखाऱ्यावर टाकला. "कुसाबाई, ये, जेव." ज्वाला उठली. पडदा आला नाही. सुपाचा आवाज थांबला. ज्वाला बसेपर्यंत तो थांबला. मग त्यानं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, आणि ते बोटांतून गळायला लागलं तरी त्याचा हात पुढे होईना. शेवटी त्यानं चुलीभोवती पाणी फिरवलं.

"सुखानं जा, आई," तो म्हणाला. "मी निवडीन आता."

हे वाक्य संहितेत नव्हतं.

तो पुन्हा प्रेक्षकांकडे वळला आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिला. ते सगळे डोळे एकदमच थोडे वर गेले, जसं कुणी बसलेलं उठून उभं राहावं. मग हळूहळू सरकायला लागले. त्याच्या पाठीमागून, डावीकडून उजवीकडे, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं. मध्ये एकदा थांबले, नेमके त्याच्या पाठीशी. त्याच्या डोक्यावरचे केस कुणी सारखे केल्यासारखे हलले. मग डोळे पुढे निघाले, उजव्या विंगेपर्यंत गेले आणि तिथून एकेक करून त्याच्याकडे परत आले. त्याची आई त्याला दिसली ती एवढीच, लोकांच्या डोळ्यांतून जाताना.

आता पानावरचं खायचं होतं, रीतच तशी. त्यानं भाताचा घास घेतला. हा तांदूळ मावशीच्याच पोत्यातला, चूल आदल्या रात्रीच इथं आल्यावर सकाळी खोलीवर त्यानंच शिजवलेला. पहिल्याच घासाला कचकन दाताखाली खडा आला.

तो तसाच बसून राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्यानं खडा तोंडातून काढला. बांधायला पदर नव्हता, म्हणून मुठीत धरला. ललितनं अजून पडदा पाडला नव्हता, तो हाताची वाट बघत होता. लखन उठला, मूठ तशीच मिटलेली ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं प्रेक्षकांना नमस्कार केला, आणि मग पडद्यासाठी खूण केली.