अकरा वर्षांची तक्रार

आमचे जुने पाळकसाहेब रविवारी येणार आणि त्यांच्या अकरा वर्षांच्या सेवेवर मी दोन पानं वाचायची, असं चर्चच्या कमिटीनं परस्पर ठरवून टाकलं. मी शाळेत ग्रंथपाल होतो, म्हणून मला लिहिता येतं असा लोकांचा समज. पुस्तकं सांभाळणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, हे मी आयुष्यभरात कुणाला पटवू शकलो नाही.

शुक्रवारपर्यंत कागदावर एकच वाक्य होतं : 'साहेब वेळेचे पक्के होते.' ते खोटं होतं. खोडलं.

"झालं का?" बायकोनं विचारलं.

"आठवतं ते सगळं डोकं उठवणारंच आहे गं."

"मग तेच लिहा. निदान लोक जागे तरी राहतील."

साहेबांचा उपदेश पाऊण तासाच्या आत कधी आटोपला नाही. 'आता शेवटचा मुद्दा' म्हणाले की आणखी तीन यायचे. गीत रेंगाळलं की हात वर करून मध्येच थांबवायचे. "मंडळी, देवाची स्तुती चाललीय की शाळेतली हजेरी?" मग पुन्हा पहिल्या कडव्यापासून. आमचे ऑर्गनवाले दातओठ खात वाजवायचे. प्रार्थनेत घराघरातली दुखणी निघायची. माझ्या मूळव्याधीसाठी तर त्यांनी दोनशे माणसांना डोळे मिटायला लावले होते. माझी पुस्तकं न्यायचे आणि समासात पेन्सिलीनं 'पटत नाही' असं लिहून परत करायचे. तीही सगळी नाहीत.

हे वाचून दाखवता आलं असतं. खरी अडचण कपाटातल्या तपकिरी फाइलीत होती.

आम्हा मेथडिस्ट लोकांत पाळक कुणा एका चर्चचा नसतो. बिशप दरवर्षी कॉन्फरन्समध्ये नेमणुकांची यादी वाचतात; नाव निघालं की त्यानं बाडबिस्तरा उचलायचा. चार-पाच वर्षांत बहुतेकांचं निघतंच. आमच्या कमिटीला तेवढाही धीर नव्हता; पहिल्या वर्षापासून ती दरवर्षी ठराव करायची, की साहेबांच्या बदलीची विनंती करावी. पत्र लिहायचं सेक्रेटरीनं, म्हणजे मी. मी 'कंटाळवाणा' लिहायचो, ते कठोर वाटायचं. 'लांबलचक' करायचो. मग 'सविस्तर'. तिथवर आलं की तक्रारीची शिफारस व्हायची, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तोवर कॉन्फरन्स उरकलेली असायची. "बिशपसाहेबांच्या मनात नसेल," असं मी कमिटीला सांगायचो, आणि तेही खोटंच. अशी साहेबांची अकरा वर्षं झाली, मग त्यांचं नाव आपोआपच निघालं; माझ्याकडे उरले अकरा मसुदे.

आता तीच कमिटी म्हणते, 'असा पाळक होणे नाही.' शिवाय मला बजावलेलं, की 'मंडळीच्या प्रेमापोटी ते अकरा वर्षं राहिले' हे वाक्य आलंच पाहिजे. ते माझ्या जिभेवर येईना. आणि खरं सांगावं, तर भर चर्चमध्ये म्हाताऱ्या माणसाचा अपमान.

"अहो, ती फाइल जाळा, नाहीतर वाचा," बायको म्हणाली. "पण येरझारा थांबवा. फरशी झिजेल."

शनिवारी ऐन जेवणाच्या वेळी दारावर थाप पडली. साहेब आणि त्यांची बायको. न कळवता, नेहमीसारखे. साहेबांच्या हातात माझं पंधरा वर्षांपूर्वी नेलेलं पुस्तक होतं. ते पाहून मला काय झालं कोण जाणे, मी 'या, बसा' म्हणायच्याही आधी फाइल काढून त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी चष्मा लावला. पेन्सिल मागितली.

बाई मात्र हसायला लागल्या. "अकरा वर्षं! दर उन्हाळ्यात मी कपबश्या कागदात गुंडाळून ठेवायचे, भाऊ. माझी आई तिकडे गावी एकटी; बदली झाली तर तिच्याजवळ जाता येईल, एवढीच आशा. हे स्वतः बदली मागणार नाहीत, 'पाठवतील तिथं जायचं' म्हणे. मी मनाशी म्हणायचे, एवढं लांबवतात, तर कोणीतरी तक्रार करेलच की!"

"मी मुद्दाम लांबवत नव्हतो," साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले.

"ते माहितीय हो." बाईंचं हसू थांबलं. "नवव्या वर्षी आई गेली. मी पोचले ती थेट कबरस्तानात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एक पत्र टाकायचं होतंत, भाऊ. तिकीट लावून. बस."

माझी बायको उगाच पाण्याचे पेले पुसत राहिली. साहेब वाचत होते. 'उपदेश सविस्तर असतात' याच्या समोर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं : 'पटत नाही.'

निघताना बाई म्हणाल्या, "आत्ता सांगितलंत, तेच उद्या वाचा. एक तरी पत्र वेळेवर पोचू दे."

रविवारी मी वाचलं. रात्री लिहून काढलेल्यातला एक शब्दही बदलला नाही. 'साहेब अकरा वर्षं राहिले ते आमच्या प्रेमापोटी नव्हे, माझ्या दिरंगाईमुळे. ती बाईंना भोवली.' कमिटीचे लोक पुढच्या बाकांवर आपापले बूट न्याहाळत होते. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली. माफ केलं, की नुसतं पोचल्याची खूण दिली, मला अजून कळलेलं नाही. विचारायचं धैर्य नाही.

मग साहेब उत्तराला उठले. "दोनच मिनिटं," म्हणाले.

ऑर्गनवाल्यांनी मुकाट्यानं ऑर्गनचं झाकण लावलं.