फ्रिजची पाठ

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी, आश्विनाचा पहिला आठवडा. स्थळ पवनी, जिल्हा भंडारा, वैनगंगेकडे उतरत जाणाऱ्या विणकरांच्या गल्लीतील भैय्यालालचे घर. सकाळचा चहा नुकताच झाला होता, आणि स्वयंपाकघरातील फ्रिजला भैय्यालाल, टेकचंद आणि गाडीवान असे तिघे जण तीन बाजूंनी भिडले होते.

"इवाई, तुमी दाराच्या अंगानं धरा. खालचं वजन मी घेतो," टेकचंद म्हणाला.

"काहून? मी काय म्हातारा झालो?"

"तसं नाई बा. वस्तू माही आहे, तं जड बाजू मीच धरतो."

टेकचंद हा भैय्यालालचा व्याही, सून शोभाचा बाप. अड्याळच्या बाजारात त्याचे कापडाचे लहानसे दुकान होते. लेकीला आंदण दिलेला फ्रिज परत नेण्यासाठी तो आदल्या दिवशीच बैलगाडी जुंपून निघाला होता. दिलेले परत नेणे ही काही साधी गोष्ट नव्हे. आंदणातली वस्तू मोडली तर ती अडगळीत पडते, भंगारात जाते, किंवा फार तर दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडते. परंतु ज्या दाराने ती वाजतगाजत आत आली त्याच दाराने ती उलटी बाहेर निघाली, की गल्लीला जे कळायचे ते न सांगता कळते. टेकचंदला हे ठाऊक नव्हते असे नाही. तरीही तो आला होता, कारण घरात पडून राहिलेल्या त्या वस्तूपेक्षा तिच्याविषयी अड्याळात फिरत असलेले एक वाक्य त्याला अधिक बोचत होते.

ते वाक्य भैय्यालालचे होते. पोळ्यानंतर अड्याळातच एका सोयऱ्याकडे बारसे होते. पंगतीत कोणीतरी सहज विचारले, "काय भैय्यालालभाऊ, थंड पानी पेता का नाई आताशा?" आणि भैय्यालालने पुरी मोडता मोडता उत्तर दिले होते, "कायचं थंड! इवायानं कबाड देल्लं अन् आमी ते ओवाळून घेतलं." पंगत हसली. वाढपी हसला. पलीकडच्या ओळीत बसलेला टेकचंद पानाकडे पाहत राहिला आणि मग त्याने भात मागितला.

वस्तुतः टेकचंदने काही लपवले नव्हते. भंडाऱ्याच्या एका साहेबाची बदली झाली, त्याच्या घरातला हा फ्रिज. जुना आहे, पण चालतो, हे त्याने साक्षगंधाच्या दिवशीच चार माणसांत सांगितले होते. तेव्हा भैय्यालालने मोठ्या मनाने मान डोलावली होती. फ्रिज घरात आला त्या दिवशी भैय्यालालच्या बायकोने, कौशल्याबाईने, त्याच्या दारावर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते. ते अजून पुसट दिसत होते, आणि आता नेमके त्याच्यावर भैय्यालालचा तळहात पडला होता.

"उचला!"

फ्रिज जमिनीवरून सुटला. चुलीपाशी शोभा पाठमोरी बसून बापाच्या वाटेसाठी पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबले नाही. कौशल्याबाई फ्रिजवरचे विणलेले आच्छादन घडी करून छातीशी धरून उभी होती.

"जपून हो इवाईबुवा, उंबरा आहे," ती म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे पाहून हळूच पुटपुटली, "राहू द्या म्हटलं होतं मी. भंडाऱ्याचा मिस्त्री एक डाव पाहून गेला असता."

भैय्यालालने ते ऐकले नाही, निदान ऐकल्यासारखे दाखवले नाही. मिस्त्रीची गोष्ट तिने पूर्वीही दोनतीनदा काढली होती, आणि दर वेळी त्याचे उत्तर एकच असे: "मेलेल्या बैलाले वैद्य कायले?" हे उत्तर ऐकणाऱ्याला ठसकेबाज वाटे. तो कोणालाही फ्रिजच्या पाठीमागे जाऊ देऊ इच्छित नव्हता, ही गोष्ट त्या ठसक्यात झाकली जाई.

कारण श्रावणात त्या पाठीमागे तो स्वतः गेला होता. यंदाच्या श्रावणाने ऊन असे दाखवलेच नाही. दसऱ्याच्या लुगड्यांचे काम अंगावर, आणि काठाच्या सुताला लावलेली भाताची कांजी काही केल्या वाळेना. ओले सूत मागावर चढवता येत नाही. लडी ओसरीवर टांगल्या, आढ्याला टांगल्या, कौशल्याबाईने चुलीवर धरल्या तर त्यांना धुराचा वास लागला. एका दुपारी फ्रिजमागे पडलेली सांडशी काढायला भैय्यालाल वाकला असता त्याच्या हाताला मागची काळी जाळी लागली. ती चांगली कोमट होती. पुढून थंड आणि मागून गरम! त्याला आपल्याच बुद्धीचे कौतुक वाटले. त्याने फ्रिज भिंतीपासून वीतभर ओढला आणि जाळीवर डाळिंबी सुताच्या लडी एकीशेजारी एक पसरल्या. संध्याकाळपर्यंत त्या खडखडीत वाळल्या. पुढे तो रोजचा परिपाठ झाला.

तो डाळिंबी रंग म्हणजे भैय्यालालचा अभिमान. लाल नव्हे, किरमिजी नव्हे. पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यात जो रंग उजेडाकडे धरल्यावर दिसतो तो. पवनीत हा रंग एकट्या त्याच्या रंगाच्या हंड्यातून निघे, आणि लुगड्याचा काठ पाहून गल्लीतले पोरही सांगे की हा माल भैय्यालालचा.

भाताच्या कांजीला उंदीर येतात, हे विणकराच्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही. म्हणूनच कांजीचे सूत उंच टांगायचे, ही त्याच्या आजापासूनची रीत. ती त्याने मोडली, कारण फ्रिज ही नवी वस्तू आणि उंदीर ही जुनी गोष्ट, या दोहोंचा मेळ त्याच्या मनात बसला नव्हता. मग एका सकाळी तीन लडींची टोके कुरतडलेली निघाली. भैय्यालालने त्या मुकाट्याने चुलीत घातल्या. त्याच आठवड्यात शोभाने दारामागून सांगितले होते, "मामाजी, फ्रिजमागं लेंड्या दिसून राहिल्या."

"झाडून टाक मंग," तो म्हणाला होता.

पुढे एका दुपारी फ्रिजचा आवाज बंद पडला तो पडलाच. भैय्यालालने लडी काढून घेतल्या, फ्रिज पुन्हा भिंतीला भिडवला आणि त्याच्या पाठीकडे पाहिले नाही. दिसले नाही आणि पाहिले नाही, यांत जेवढे अंतर आहे तेवढ्यात तो गेला दीड महिना अंग चोरून राहत होता.

फ्रिज अंगणात आला. गाडीचे जू खाली टेकवून बैल बाजूला बांधले होते. समोरच्या ओट्यावर हिरालाल तंबाखू मळत बसला होता. गल्लीत कोणाचे काय येते नि काय जाते यावर बारीक नजर ठेवणे हे त्याचे निवृत्तीनंतरचे काम होते.

"काय टेकचंदभाऊ, लेक ठेवून फ्रिज घेऊन चालले का?"

"हो बा. जे चालते ते राहू द्यायचं, जे चालत नाई ते न्यायचं," टेकचंद हसून म्हणाला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"आडवा करा," गाडीवान म्हणाला. "उभा रस्त्यात कलंडून जाईन."

भैय्यालालने वरची कड खांद्यावर घेतली आणि टेकचंदने खालून उचल दिली. फ्रिज कलला. खालच्या बाजूस, जिथे यंत्राचा काळा गोळा बसवलेला असतो त्या पोकळीतून, आधी एक वायर लोंबली. तिचे आवरण सोलून निघाले होते आणि तांबे उघडे पडले होते. मग काहीतरी मऊ, नारळाएवढे, मातीत पडले.

ते घरटे होते. कापसाचे नव्हे, चिंध्यांचे नव्हे. सबंध घरटे डाळिंबी सुताचे होते, बारीक कातरलेल्या, पिंजलेल्या, गोल गुंडाळून बसवलेल्या सुताचे. आणि सकाळचे ऊन पडताच ते असे झळकले की तसा भैय्यालालच्या कोणत्याही लुगड्याचा काठ झळकला नसेल. मधल्या खळग्यात बोटाच्या पेराएवढी, डोळे न उघडलेली गुलाबी पिल्ले वळवळत होती.

भैय्यालालच्या खांद्यावर फ्रिजचे वजन होते. त्याला हलता येत नव्हते, आणि या क्षणी त्याला ते वजन हवेसे वाटले.

टेकचंदने घरट्याकडे पाहिले. मग सोललेल्या वायरीकडे. मग पुन्हा घरट्याकडे. कापडाच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या माणसाला सुताचे नाव विचारावे लागत नाही.

"काय पडलं बे?" ओट्यावरून हिरालाल मान उंचावून म्हणाला, आणि उठायच्या बेताने त्याने पाय खाली सोडले.

टेकचंदने एका हाताने खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि घरट्यावर टाकला. लग्नात व्याह्याचा मान म्हणून भैय्यालालने जो दुपट्टा त्याच्या खांद्यावर घातला होता तोच हा; त्याचाही काठ डाळिंबी.

"काई नाई, भाऊ," तो म्हणाला. "जुनी वस्तू आहे. आतला भुसा निघून राहिला."

"मंग खोट वस्तूतच म्हना!"

"वस्तूतच," टेकचंद म्हणाला. "मीच नीट पाहून घ्यायले पाहिजे होतं."

एवढे बोलताना त्याने भैय्यालालकडे पाहिले नाही. पाहिले असते, एखादा तुच्छ कटाक्ष टाकला असता, तर भैय्यालालला रागावण्यापुरती तरी जागा मिळाली असती. दारात कौशल्याबाई आली होती. तिने दुपट्ट्याखालून डोकावणारे एक डाळिंबी टोक पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून आत वळली.

फ्रिज गाडीत आडवा पडला. दोर आवळले गेले, बैल जुंपले गेले. टेकचंदने दुपट्टा चारी टोकांनी अलगद उचलला, त्याचे बोचके केले आणि गाडीच्या पुढच्या बाजूला पेंढीवर ठेवले. शोभा पोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आली. तिने तो बापाच्या हाती दिला आणि बोचक्याकडे एकदा पाहिले.

"बाबा, वाटेत नदीकाठी सोडून द्या."

"हो माय," तो म्हणाला. मग हात जोडून व्याह्याकडे वळला. "येतो इवाई. दिवाळी झाली का नवा आनून देतो. पोरीले उगाच कोनाचं ऐकावं लागू नये."

गाडी हलली. चाके दगडांवरून खडखडली.

"थांब!" भैय्यालाल ओरडला.

गाडीवानाने कासरा ओढला. हिरालालचा तंबाखूचा हात तोंडापाशी थबकला. टेकचंद वळून पाहू लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अपेक्षा नव्हती, भीती होती. जणू व्याह्याने आता काही बोलू नये असेच त्याला वाटत असावे. भैय्यालालच्या घशात कबुलीचे वाक्य पूर्ण तयार होते. लहान होते. कबाड म्हणताना लागला होता त्याहून कमी श्वास त्याला लागला असता.

"नवा आनू नका, इवाई," तो म्हणाला. "नवा नको आमाले."

"वा!" हिरालालने मांडीवर थाप मारली. "याले म्हनते मोठं मन! नाई तं आजकाल कोन सोडते?"

भैय्यालालने त्याचा समज खोडला नाही. टेकचंदने पुन्हा हात जोडले, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

तो आत आला तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर फ्रिजच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन उमटला होता. बाकीची भिंत धुराने काळवंडलेली. शोभा खाली बसून ती जागा ओल्या फडक्याने पुसत होती. कोपऱ्यात जिऱ्यासारख्या काळ्या लेंड्या आणि सुताचे चारदोन तुकडे होते. ते ती एकेक करून वेचत होती.

भैय्यालाल उंबऱ्यावर उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"सूनबाई," तो म्हणाला, "मले खरंच मालूम नव्हतं."

फडके थांबले. तिने ते बादलीत पिळले आणि मान वर न करता पुन्हा जमिनीवर पसरले.

"मालूम होतं, मामाजी."