बिनदाती तोंडातले किडे

"बघा, बघा! सात किडे!" धूर देऊन दातांतले किडे काढणारा धूपबाबा ओरडला आणि आचऱ्यातल्या त्या मांडवातली शंभर माणसं एकदम पुढे सरकली. परातीतल्या पाण्यात खरोखरच पांढरे, वळलेले किडे तरंगत होते.

समोर बसली होती तेरा वर्षांची किशोरी. तिचे दात आले तेव्हापासूनच पिवळट-तपकिरी, खडूसारखे झिजणारे. गार पाणी लागलं तरी कळ मस्तकात जायची. वर्षभर पोर भात कालवून नुसता गिळत होती.

बाबाची पद्धत साधी. परातीत पाणी, मधोमध तापलेली लोखंडी पळी, पळीत चिमूटभर 'दिव्य बी', वर भोक पाडलेली करवंटी, भोकात नळी. नळीतून धूर तोंडात घ्यायचा, करवंटी उचलायची, किडे हजर! आणि गावच्या राखणदाराला, देवचाराला, गाऱ्हाणं घालत टकळी अखंड.

"बा देवचारा म्हाराजा! हेंच्या पणज्यान तुझ्या रायीतलो वड तोडल्यान, म्हणान घराण्याच्या दातात किडो सोडलंस!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी गरजली.

"आता मूळ उपटूक होया. पुढचे सहा दात!" त्याने पकड तांब्यात बुडवली.

"उपटा, बाबानू," किशोरीची आई नर्मदा रडत म्हणाली. "हिच्या बापाशीचे तिशीत सगळे गेले. माज्या चेडवाचा रडणा आता बघवणा नाय."

किशोरीचा बाप शिवा माझा जुना विद्यार्थी. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, आणि 'दात घासत नाहीस' म्हणून त्याला वर्गात बाकावर उभं करायचो. बाबाला शाप दिसला, मला आळस दिसला. अडाणी दोघेही. खरं कारण मला कालच समजलं होतं, मालवणात, दातांच्या डॉक्टर डेल्सींकडून; बापलेकीच्या दातांचं वर्णन ऐकूनच त्यांनी ते ओळखलं. तेच सांगायला आलो, तर समोर पकड!

"बाबानू, आधी माजे किडे काढा," मी पुढे होऊन म्हणालो. " दाढ मरणाची ठणकता."

मास्तरच गिऱ्हाईक झाल्यावर बाबा खुलला. मी धूर घेतला, खोकलो. करवंटी उठली. "नऊ किडे!"

मी वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही परातीशेजारी मांडल्या.

"माज्या तोंडात एकव दात नाय," मी बोबडं बोललो. "किडे खंयचे?"

"हिरड्यात लपलेले!" बाबा हार मानेना.

तेवढ्यात किशोरीने त्याच्या थैलीतलं बी पळीत टाकलं आणि करवंटी झाकली. नळीला कुणाचंच तोंड नव्हतं. थोड्या वेळाने तिने करवंटी उचलली. अकरा किडे!

बी रिंगणीच्या काटेरी झुडपाचं होतं. तापलं की फुटतं, आतला पांढरा कोंब पाण्यात पडतो. तोच बाबाचा किडा.

लोक हसले. बाबाने थैली उचलून वाट धरली. नर्मदा मात्र माझ्याकडे वळली.

"मग आता मी खंय जाव, मास्तरानू? हीच एक आशा होती."

"मालवणाक. दातावरचा कवचच कच्चा तयार झाला हा, बापाशीकडसून इला. शाप नाय, कोणाचो गुन्हो नाय. डॉक्टर एकेक दात झाकून बांधतली. वेळ लागतलो, पण हे दात वाचतले."

महिन्याभरात किशोरीचे पुढचे चार दात भरून झाले. वाढ पुरी झाली की त्यांवर कायमच्या टोप्या बसतील. चौथा दात भरला त्या दिवशी शिवाही दवाखान्याच्या दारात उभा होता, तोंडावर हात धरून, शाळेत धरायचा तसाच.

"शिवा, चूक माजी होती रे," मी म्हणालो.

किशोरीने त्याचा हात धरून खाली घेतला आणि कवळीचं माप द्यायला त्याला आत नेलं.

लोकहो, दात दुखला तर धूर घेऊ नका, डॉक्टर गाठा. आणि मास्तरांनो, एखादं मूल तोंड लपवत असेल, तर शिक्षा करण्याआधी त्याला काय होतंय ते विचारा.