काळोख्याच्या गावाचे दिवे

"शारिपा, नऊ वाजले! मालव तो दिवा!"

काठीचे दोन टोले फाटकावर पडले. आतून आवाज आला, "आला गं बाई काळोख्या! अहो आके, जेवण तरी गिळू द्या. अंधारात घास नाकात जायचा."

"इतक्या वर्षांत तोंडाचा पत्ता सापडला नाही होय? मालव!"

दिवा मालवला. तुर्दुबेक बर्फ तुडवत पुढच्या फाटकाकडे वळला. तो गावचा वायरमन, सगळ्यांचा आके, म्हणजे थोरला दादा. उमेदीची सगळी वर्षं त्याने खांबांवर चढण्यात आणि लोकांना दिवे मालवायला लावण्यात घालवली होती. गल्लीच्या टोकाचा म्हातारा ट्रान्सफॉर्मर म्हणजे त्याचा जीव की प्राण. पाठीमागे सगळं गाव त्याला काळोख्या म्हणे. तोंडावरही म्हणे.

त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी एका कडाक्याच्या रात्री घरोघरी विजेच्या शेगड्या एकदम पेटल्या आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. खिंड बर्फाने बंद. नवा यायला वसंत उजाडला. त्या काळोखात त्याच्या बायकोची, सादातची छाती भरली, आणि औषध द्यायला गावात कोणी नव्हतं. सादात गेली. त्यानंतर तुर्दुबेकने जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालून घालून गावाला दवाखाना आणला, बुरमाकान नर्स आणली, जिला सगळे एजे, म्हणजे ताई म्हणतात. आणि ट्रान्सफॉर्मरवर पुन्हा भार नको म्हणून काठी हातात घेतली ती कायमची.

त्या रात्री मात्र गावप्रमुख केमेलच्या घरचा दिवा मालवेना. तुर्दुबेक तणतणत आत शिरला, तर निम्मं गाव तिथे बसलेलं. तुर्दुबेकची सून जाझगुल आठव्या महिन्याचं पोट सावरत बुरमाकानला टेकून बसली होती. नवरा कामाला रशियात, त्यामुळे सासरा हाच तिचा आधार.

"बसा आके," केमेल म्हणाला. "जिल्ह्याहून निरोप आलाय. हिवाळ्यात आपल्या खोऱ्यात कोणी राहत नाही म्हणे. सगळे शहरात उतरतात. म्हणून दवाखाना या महिनाअखेर बंद."

"मग आपण कोण? भुतं?" तुर्दुबेक भडकला.

"उपग्रहाच्या चित्रात गाव दिसत नाही म्हणतात."

बुरमाकानने लेकीला फोन लावला. तिची मीरिम राजधानीत, बिश्केकला अशीच चित्रं वाचायचं काम करायची. तिचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"आई, दिवसा छपरं दिसतात गं. पण बर्फाखाली भरलेलं घर आणि रिकामं घर सारखंच पांढरं. म्हणून ते रात्रीचे दिवे बघतात. जिथे दिवे, तिथे माणसं."

"अगं, पण दिवे आहेत की आपल्याकडे!"

"तो उपग्रह रात्री दीडच्या सुमाराला वरून जातो. तेव्हा तुमचे असतात?"

मग एकेक मान तुर्दुबेककडे वळली.

"घ्या!" जेवण उरकून मागोमाग आलेल्या शारिपाने कपाळावर हात मारला. "या बाबाने आख्खं गाव पुसून टाकलं!"

एरवी तुर्दुबेकने तिला दोन सुनावल्या असत्या. आता तो हातातल्या काठीकडेच बघत राहिला. ज्या दवाखान्यासाठी चपला झिजवल्या, तो त्याच्याच काठीने चालला होता.

मीरिम सांगत होती, चंद्र नसलेल्या चार-सहा रात्री घराबाहेर भरपूर दिवे लावा, बर्फावर पाडा, बर्फच तो उजेड वर फेकेल. मग ती नवी चित्रं कचेरीपुढे ठेवेल.

"नाही," तुर्दुबेक म्हणाला. "एवढा भार पडला तर ट्रान्सफॉर्मर जाईल. भर हिवाळ्यात. मी पाहिलंय ते एकदा."

काय पाहिलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा जाझगुल बोलली. सासऱ्यासमोर ती कधी मान वर करत नसे, तेव्हाही केली नाही.

"बाबा, माझे दिवस भरतील तेव्हा खिंड बंदच असेल. बुरमाकान एजे नसल्या तर मी कुठे जाऊ?"

तुर्दुबेकने टोपी डोक्यावर घट्ट ओढली. मग उठून म्हणाला, "शेगड्या बंद. इस्त्र्या बंद. चुलीत गोवऱ्या घाला आणि सगळे एकाच घरात दाटीवाटीने बसा. फक्त दिवे. जो दुसरं काही लावील त्याचा हात मोडीन."

एकाच घरात बसायचं तर त्याला शेरिने, ही पाळीपाळीची मेजवानीच बरी. हिवाळ्यात तिथे तसाही आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी मेंढा शिजतो आणि गप्पा रंगतात. पहिली पाळी शारिपाची लागली. दिवसभर तुर्दुबेक तारा ओढत फिरला. गोठ्यावर दिवे, कुंपणावर दिवे, शाळेच्या छपरावर दिवे. ज्याला जन्मभर मालवताना पाहिलं त्याला लावताना पाहून पोरं खिदळत मागे धावत होती. एकच घर राहिलं, त्याचं स्वतःचं. तो लाइनवर गेला की सादात ओसरीवरचा दिवा लावून वाट बघायची. ती गेल्यावर त्याने तिथला बल्ब काढला तो पुन्हा लावलाच नव्हता.

मध्यरात्रीनंतर गाव लखलखलं. शेजारच्या डोंगराची कड उजळली, कोंबडे फसून आरवायला लागले. तुर्दुबेक मात्र ट्रान्सफॉर्मरखाली एकटा उभा होता. दिवे बघायला त्याला सवड नव्हती, तो ऐकत होता. गुणगुण बरी होती. सोस बाबा, त्याने मनात म्हटलं, आजची रात्र सोस.

आणि गुणगुण जड झाली. मग घरघर. गल्लीतले दिवे तांबूस झाले. दुसऱ्याच क्षणी तुर्दुबेकला उमगलं. तो म्हातारा गल्लीतून जो पळत सुटला, तो तडक शारिपाच्या दारावर आदळला.

"चहा! कोणी मेल्याने चहा ठेवलाय!"

कोपऱ्यात विजेचा भला थोरला समोवार फसफसत होता. शारिपा गोरीमोरी झाली.

"अहो, घरात एवढे पाहुणे! बिनचहाचे बसवू? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"शेण चुलीत घाल आणि त्यावर कर चहा!" तुर्दुबेकने वायर उपटली.

बाहेर दिवे पुन्हा पांढरे झाले. सगळे अंगणात येऊन माना वर करून उभे राहिले. आभाळ स्वच्छ होतं. दीड वाजून गेले तरी वर काही दिसलं नाही, पण केमेलने टोपी काढून हलवली. मग सगळ्यांनीच हात हलवले. जाझगुलनेही.

पुढच्या रात्री शेरिने दुसऱ्या घरी गेलं, मग तिसऱ्या. एकदा ढग आले, ती रात्र वाया गेली. समोवार मात्र पुन्हा कोणी लावला नाही.

महिना संपायच्या आत मीरिमचं चित्र फोनवर आलं. काळ्याभोर डोंगरांत एक पांढरा ठिपका, मोहरीएवढा. त्यावर झुंबड उडाली.

"हा माझा गोठा बघ!"

"गोठा कसला? अख्खं गाव आहे ते एवढंसं!"

"तरी त्यात माझा गोठा आहेच की!"

पाठोपाठ कचेरीचा निरोप आला. दवाखाना राहणार. बुरमाकान रडता रडता हसली आणि तिने तुर्दुबेकच्या गालाचा चारचौघांत मुका घेतला. केमेलने दोघा गड्यांना खुणावलं आणि त्यांनी काळोख्याला खांद्यावर उचलून गल्लीभर मिरवलं. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला: "सोडा रे, नऊ वाजत आले!"

खाली उतरल्याबरोबर त्याने काठी घेतली आणि फेरीला निघाला. पण त्या रात्री टोला मारायची वेळच आली नाही. तो फाटकापाशी पोचायच्या आधी आतला दिवा मालवत होता. एक घर, दुसरं घर, तिसरं. गल्लीच्या टोकाशी पोचला तेव्हा सगळं गाव गुडूप झालं होतं.

एक दिवा सोडून.

"कोण रे हा दीडशहाणा?" तो पुटपुटला आणि तरातरा निघाला. जवळ गेल्यावर त्याचे पाय थबकले. ओसरी त्याचीच होती. बल्ब नवा होता. पायरीवर शाल पांघरून जाझगुल बसली होती, तिने नजर खाली वळवली.

"शारिपा एजे सांगत होत्या, आईंची अशी पद्धत होती."

तुर्दुबेकचा हात सवयीने बटणाकडे गेला. तिथेच थोडा वेळ राहिला.

समोरच्या अंधारातून शारिपाची आरोळी आली, "ओ आके! नऊ वाजून गेले की! मालवा तो दिवा!"

"जळू दे गं," तुर्दुबेक म्हणाला, आणि काठी भिंतीला टेकवून सुनेशेजारी पायरीवर बसला.