सहा खुर्च्यांची रुंदी

वाद्यवृंद बरखास्त करणाऱ्या समितीने आपल्या अहवालात लिहिले होते, की श्रोत्यांना फरक जाणवणार नाही. वाक्य निर्दोष होते. ते लिहिणाऱ्या पाच विद्वानांपैकी एकानेही कधी मैफलीची पायरी चढलेली नव्हती. पण असल्या क्षुल्लक बाबी अहवालात नोंदवण्याचा प्रघात नसतो.

त्यानंतर तीन वर्षांनी, त्या वाद्यवृंदातल्या पहिल्या व्हायोलिनांच्या रांगेची प्रमुख एका दुपारी आपल्या भाच्याच्या खोलीत व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. सव्वीस वर्षे तिने त्या रांगेला सूर आणि धाक दोन्ही लावले होते. पाठीमागे सगळे तिला फौजदारीण म्हणत, आणि तिला ते ठाऊक होते. आज तिला एवढेच हवे होते, की तो भरलेला, रुंद आवाज पुन्हा एकदा कानी पडावा आणि त्यात आपण असावे.

भाचा मालिकांना पार्श्वसंगीत देई. त्याच्या संगणकात नामवंत वादकांचा एकेक सूर सुटा मुद्रित करून साठवलेला होता. त्याने पट्टी दाबली, की बिचारे मुकाट्याने वाजत.

"कसं वाटतं, मावशी?"

"फ्रीजमध्ये बसून कुणी बाजा वाजवतंय असं."

"अगं, तीन थर लावलेत! वर सभागृहाचा घुमारा दिलाय."

"एकाच माणसाला तीनदा हाक मारलीस म्हणून तीन माणसं येतात का रे? आवाज मोठा झालाय. रुंद नाही झाला."

"म्हणून तर तुला बोलावलं. या थरांवर खरं व्हायोलिन चढवायचं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. पण दर वेळी माणूस वेगळा वाटला पाहिजे."

ती उठली. खुर्ची मायक्रोफोनपासून दूर, पार दाराशी नेऊन ठेवली.

"हे आमचे पोस्टमास्तर," ती म्हणाली. "सूर चोख, पण पोचायचा उशिरा."

आणि तिने केसभर उशिराने वाजवले. मग खुर्ची खिडकीकडे सरकली. तिथे आजोबा होते, दुसऱ्या तासाला हमखास सुराखाली उतरणारे. त्यांच्यापुढे दोघी जावा, एकाच नोटेशन-स्टँडवर वाजवणाऱ्या; एकीने गज दाबला की दुसरी हटकून हलका धरी. मग डॉक्टर, ज्यांचे बोट प्रत्येक सुरावर थरथरे. शेवटी घाईत असलेला एक जण, ज्याला नेहमी गाडी गाठायची असे. सव्वीस वर्षे ज्या चुकांवरून तिने या माणसांना भर तालमीत सोलून काढले होते, त्या सगळ्या तिच्या हातांत शाबूत होत्या. एकही निसटली नव्हती. समितीने इतक्या निष्ठेने कुणाचीही दप्तरे जपली नसतील.

भाच्याने सगळे एकत्र लावले. खोलीच्या भिंती मागे सरल्यासारख्या झाल्या.

"मावशी, भरलं गं! अंगावर काटा आला बघ."

तिने मान हलवली. डोळे पुसायचे राहून गेले.

"आता माझी खुर्ची," ती म्हणाली. प्रमुखाने सर्वांत शेवटी येऊन बसावे, ही तिथली रीत होती. खुर्ची मधोमध, मायक्रोफोनसमोर आली. तिने वाजवले, जसे ती नेहमी वाजवी: वेळेवर, सुरात, गजाचा भार अखेरपर्यंत एकसारखा.

भाच्याने ते इतरांत मिसळले. पुन्हा ऐकवले. पुन्हा.

"लाव ना मला."

"लावलंय की."

"मग?"

"आता काढलंय." त्याने बटण दाबले. "आता लावलं." पुन्हा दाबले. "आता काढलं."

तिला फरक जाणवला नाही.

"तू फार अचूक वाजवतेस," भाचा पडद्याकडे पाहत, जपून म्हणाला. "संगणकातली सॅम्पलं पण तशीच असतात. तू त्यांच्यात विरून जातेस. पण राहू दे की. काही बिघडत नाही."

बिघडत नाही! कुणाचे काही बिघडावे, एवढीही तिची लुडबूड त्या आवाजात नव्हती.

"काढ," ती म्हणाली. "उगाच जागा अडवते."

त्याने तिचा थर पुसला. आवाज होता तसाच, भरगच्च राहिला.

"अजून एक खुर्ची मिळाली ना, तर अगदी पुरं होईल," तिचे मन दुसरीकडे वळवायचे म्हणून तो म्हणाला. "तुझ्या शेजारी कोण बसायचं?"

शेजारी एक बाई बसे. सव्वीस वर्षे दोघींत स्वरलिपीची एकच वही होती. ती बाई पान वेळेवर उलटत असे. तिची आखूड नखे, करंगळीजवळचा शाईचा डाग, सारे फौजदारणीला लख्ख दिसत होते. तिला कधी टोकावे लागले नव्हते. म्हणून तिच्याकडे कान द्यायची वेळच आली नव्हती.

खुर्ची हातभर डावीकडे सरकली. गज तारेपर्यंत गेला आणि थांबला.

"कशी वाजवायच्या त्या?" भाच्याने विचारले.

मुद्रण चालू होते. पडद्यावरची रेघ सरळ पुढे सरकत होती.

"नीट," ती म्हणाली.